साखळी दुकानांची बाजारसत्ता आणि न झालेली तक्रार

(पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोठ्या सुपरमार्केट साखळ्यांची बाजारातील सत्ता हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. मी माहिती खात्यातला माणूस आहे, अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. म्हणून सिद्धान्त बाजूला ठेवून एका देशाचा अनुभव आपणांसमोर मांडणार आहे. तो देश म्हणजे ब्रिटन. त्याची निवड करण्याची कारणे दोन. तेथे या प्रश्नाची सरकारी पातळीवर वारंवार चौकशी झाली असून अहवाल सर्वांना खुले आहेत, हे पहिले. आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे अनेक वर्षे त्याच दुकानांच्या फळ्यांवर विकली जात आहेत, हे दुसरे.

सत्ता म्हणजे काय?

आठवडी बाजारात वांग्यांची पाटी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला एका व्यापाऱ्याने भाव पाडून मागितला, तर तो पाटी उचलून दुसऱ्याकडे जातो. हे उठून जाण्याचे स्वातंत्र्य हीच विकणाऱ्याची खरी ताकद होय. बाजारात घेणारे दहा असतील तर ती टिकते. दोनच असतील तर ती क्षीण होते, आणि माल नाशवंत असेल तर संध्याकाळपर्यंत ती उरतच नाही. विकणारा एकच असला म्हणजे मक्तेदारी होते, हे आपण पुस्तकात शिकतो. घेणारे मोजकेच असले म्हणजेही तसाच अंमल बसतो, ही गोष्ट मात्र आपल्या ध्यानात क्वचितच येते. साखळी दुकानांची सत्ता ही मुख्यतः या दुसऱ्या प्रकारची, म्हणजे खरेदीदाराची सत्ता आहे.

पेठेतल्या गाड्यापासून साखळीपर्यंत

ब्रिटनमधील या साखळ्यांचा उगम अगदी साधा आहे. सेन्सबरी हे दुकान १८६९ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन भागात सुरू झाले. टेस्कोचे संस्थापक जॅक कोहेन यांनी १९१९ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात गाड्यावर किराणा विकण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्राहकाने स्वतःच फळीवरून माल उचलावा ही पद्धत रुळली आणि कमी नोकरांत मोठे दुकान चालविणे शक्य झाले.

तरीही १९६४ पर्यंत लहान दुकानदाराला एक संरक्षण होते. वस्तू किती किंमतीला विकावी हे बहुधा उत्पादक ठरवी, आणि मोठ्या दुकानालाही त्याखाली विकता येत नसे. १९६४ च्या कायद्याने किंमत बांधून देण्याची ही प्रथा बहुतांश वस्तूंबाबत संपुष्टात आली. मोठ्या दुकानांनी भाव उतरविले आणि ग्राहक तिकडे वळला. ग्राहक वाढले तशी खरेदी वाढली, आणि खरेदी वाढली तसा उत्पादकाकडून आणखी कमी भाव मागण्याचा जोर आला. हे चक्र पुढे कित्येक दशके फिरत राहिले.

या चक्राने जनतेचे नुकसानच केले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सामान्य कुटुंबाला अन्नधान्य स्वस्त मिळू लागले, निवड वाढली, स्वच्छता व प्रतवारी सुधारली. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने २००८ च्या अहवालात या व्यवस्थेचा ग्राहकाला एकंदरीत लाभच होत असल्याचे नमूद केले आहे. १९९० मध्ये आल्डी आणि १९९४ मध्ये लिडल या जर्मन साखळ्या तेथे आल्या, त्यामुळे आपापसांतील चढाओढही जिवंत राहिली. प्रश्न निर्माण झाला तो दुकानाच्या पुढच्या दारी नव्हे, तर माल जेथे उतरतो त्या मागच्या दारी.

मागच्या दारी काय घडते?

एका बाजूला हजारो शेतकरी व कारखानदार, दुसऱ्या बाजूला कोट्यवधी ग्राहक, आणि मध्ये मोजक्या कंपन्यांची खरेदी कार्यालये, असे हे चित्र आहे. एखादा लोणची-मुरंब्याचा कारखानदार आपला निम्मा माल एकाच साखळीला देत असेल, तर त्या साखळीने नकार देताच त्याचा कारखाना बंद पडण्याची वेळ येते. साखळीच्या हिशेबात मात्र त्याचा माल शंभरातला एक भागही नसतो. या विषमतेतूनच पुढच्या सर्व गोष्टी उद्भवतात.

२००० साली स्पर्धा आयोगाने आपला पहिला मोठा अहवाल प्रसिद्ध केला. पुरवठादारांच्या गाऱ्हाण्यांवरून आयोगाने ५२ व्यवहारपद्धतींची यादी तयार केली होती, आणि त्यांतील बहुसंख्य पद्धती प्रत्यक्षात चालू असल्याचे त्याला आढळले. माल फळीवर मांडण्यासाठी उत्पादकाकडूनच रक्कम मागणे, ठरलेला भाव माल पोहोचल्यानंतर बदलणे, दुकानातील सवलत योजनेचा खर्च उत्पादकाच्या माथी मारणे, दुकानात खराब झालेल्या मालाची भरपाई त्याच्याकडून वसूल करणे, पैसे उशिरा देणे, हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. आपल्या बाजारातील कडता, घट आणि नाना तऱ्हेच्या कपातींशी परिचय असलेल्या शेतकऱ्याला ही यादी फारशी परकी वाटणार नाही.

या अहवालातील आणखी एक निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. अशी सत्ता गाजविण्यासाठी निम्मा बाजार ताब्यात असावा लागत नाही. देशातील किराणा खरेदीचा शेकडा ८ एवढा वाटा असलेली साखळीदेखील पुरवठादारावर अटी लादू शकते, असे आयोगाला आढळले. अशा पाच साखळ्या त्याने नावानिशी दाखविल्या. प्रत्येक मोठ्या दरवाजापाशी पुरवठादाराची अवस्था सारखीच होती, हा त्याचा अर्थ.

सत्तेचे दुसरे साधन जमीन. नव्या दुकानाला योग्य अशा जागा विकताना त्यावर दुसरे किराणा दुकान होणार नाही अशी अट घालणे, किंवा भाडेकरारात प्रतिस्पर्ध्याला मज्जाव करणे, हे प्रकार २००८ च्या चौकशीत उजेडात आले. २०१० मध्ये अशा अटींवर बंदी आणणारा आदेश निघाला. तरीही पुढील आठ वर्षांत टेस्कोने त्या आदेशाचा २३ वेळा भंग केल्याचे २०२० मध्ये तेथील स्पर्धा प्राधिकरणाने जाहीर केले.

दुधाचा अनुभव

महाराष्ट्रात घरोघरी ज्याचा अनुभव आहे असे उदाहरण दुधाचे. ब्रिटनमध्ये १९३३ साली दूध पणन मंडळ स्थापन झाले. मंडळ सर्व उत्पादकांचे दूध घेई, विकी आणि आलेल्या रकमेतून सर्वांना सारख्या तत्त्वावर भाव देई. डोंगराळ भागातल्या दहा गाईंच्या मालकालाही त्यामुळे हक्काचा घेणारा होता. १९९४ मध्ये हे मंडळ बरखास्त झाले. त्यानंतर शेतकरी दूध प्रक्रिया कंपन्यांशी स्वतंत्र करार करू लागला आणि त्या कंपन्या मोजक्या साखळी दुकानांच्या दारात उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक खेचण्यासाठी दुकानांनी दूध हा स्वस्ताईच्या स्पर्धेचा विषय केला.

२०१४ च्या अखेरीस इंग्लंड आणि वेल्समधील दूध उत्पादकांची संख्या १०,००० च्या खाली आली. सुमारे बारा वर्षांत ती निम्म्यावर आली होती. याला केवळ दुकानेच कारणीभूत होती असे नाही. जागतिक बाजारातील मंदी, मोठ्या गोठ्यांचे वाढते प्रमाण ही कारणेही होती. पण पडता भाव कोणी सोसावयाचा हे ठरविण्याची शक्ती कोणापाशी होती, हे स्पष्ट दिसत होते. ऑगस्ट २०१५ मध्ये संतप्त शेतकऱ्यांनी स्टॅफर्ड येथील एका सुपरमार्केटमध्ये चक्क दोन गाई नेऊन उभ्या केल्या. त्यानंतर काही साखळ्यांनी दुधाचा किमान खरेदीभाव जाहीर केला. मॉरिसन्स या साखळीने लिटरमागे १० पेन्स अधिक आकारून ती रक्कम शेतकऱ्यांकडे पोहोचविणारे वेगळे दूध विक्रीस ठेवले. जे वाटाघाटींनी साधत नव्हते ते काही अंशी लोकमताच्या दडपणाने साधले. पुढे २०२४ मध्ये दूध खरेदीचे करार कोणत्या अटींवर असावेत याविषयी सरकारने नियम केले. भाव कसा ठरतो हे करारात स्पष्ट असले पाहिजे, हे त्यांचे एक मुख्य सूत्र आहे.

नियम झाले, तक्रार झाली नाही

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. २००० च्या अहवालानंतर शासन स्वस्थ बसले नाही. मार्च २००२ मध्ये चार प्रमुख साखळ्यांवर बंधनकारक अशी व्यवहारसंहिता लागू झाली. तिच्यात वाद सोडविण्याची व्यवस्थाही होती. कागदावर पाहता उपाययोजना पूर्ण झाली होती. परंतु या संहितेखाली तक्रारी जवळजवळ आल्याच नाहीत.

तक्रारी नाहीत म्हणजे गाऱ्हाणी मिटली, असा अर्थ काढणे सोपे होते. २००४ मध्ये संबंधित खात्याने आढावा घेतला तेव्हा खरे कारण समोर आले. पुरवठादार भीत होते. तक्रार करायची तर प्रथम त्याच दुकानाकडे जावे लागे आणि आपले नाव उघड करावे लागे. त्यानंतर आपला माल फळीवरून उतरविला जाईल, या धास्तीने कोणी तोंड उघडत नव्हते. चौकशीच्या वेळीही अनेक पुरवठादारांनी नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवरच माहिती दिली होती. शिवाय संहितेत ‘वाजवी’ या शब्दाचा सढळ वापर होता, आणि वाजवी काय हे ठरविताना पारडे बलवानाकडेच झुकत होते.

सज्जनहो, प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. तक्रार-नोंदवही कोरी असली म्हणजे कारभार चोख असतोच असे नाही. ज्याच्या विरुद्ध तक्रार करायची त्याच्यावरच उद्याची भाकरी अवलंबून असेल, तर नोंदवही कोरीच राहते.

निर्णायकाची नेमणूक

२००८ च्या दुसऱ्या अहवालात आयोगाने हे दुखणे ओळखले. अनपेक्षित खर्च आणि जास्तीचा धोका पुरवठादारांवर ढकलला जातो, असा निष्कर्ष काढून त्याने दोन उपाय सुचविले. पहिला, अधिक कडक संहिता. ती ४ फेब्रुवारी २०१० पासून वर्षाला १०० कोटी पौंडांहून अधिक किराणा विकणाऱ्या सर्व साखळ्यांना लागू झाली. लेखी करार तिने सक्तीचा केला आणि मागील तारखेपासून अटी बदलण्यास मनाई केली. दुसरा उपाय म्हणजे संहितेच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र अधिकारी. साखळ्यांनी तो आपणहून नेमावा हा प्रयत्न फसला, तेव्हा संसदेने २०१३ मध्ये कायदा करून ‘किराणा संहिता निर्णायक’ हे पद निर्माण केले. क्रिस्टीन टॅकन या पहिल्या निर्णायक होत.

या पदाचे वैशिष्ट्य असे की, माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त राखणे निर्णायकावर कायद्याने बंधनकारक आहे. अनेकांकडून एकाच प्रकारची गाऱ्हाणी आली म्हणजे निर्णायक स्वतःहून चौकशी सुरू करू शकतो. एकटा पुरवठादार उजेडात येत नाही, पण प्रश्न उजेडात येतो.

फेब्रुवारी २०१५ मध्ये टेस्कोविरुद्ध पहिली चौकशी सुरू झाली. त्याआधी सप्टेंबर २०१४ मध्ये आपला नफा सुमारे २५ कोटी पौंडांनी फुगवून दाखविला गेल्याची कबुली त्या कंपनीने दिली होती, आणि त्या फुगवट्याचे मूळ पुरवठादारांकडून येणाऱ्या रकमांच्या हिशेबात होते. जानेवारी २०१६ च्या अहवालात निर्णायकांनी म्हटले की, आपला नफा बरा दिसावा म्हणून पुरवठादारांचे देणे जाणूनबुजून लांबविले गेले. एका पुरवठादाराची काही दशलक्ष पौंडांची रक्कम चुकीच्या आकारणीत अडकली होती, आणि ती चूक सुरू झाल्यापासून परतफेड होईपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्या काळातील वर्तनाला दंड करण्याचा अधिकार निर्णायकांना नव्हता, तो एप्रिल २०१५ मध्ये मिळाला. परंतु देणी आणि कपाती यांबाबत सक्त शिफारशी झाल्या व कंपनीला आपला कारभार बदलावा लागला.

परिणाम काय झाला? पुरवठादारांच्या वार्षिक पाहणीत संहितेशी संबंधित अडचण आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०१४ मध्ये शेकडा ७९ होते, ते २०१९ मध्ये शेकडा ४१ वर आले. प्रश्न संपला असे नव्हे. मात्र तक्रारीला सुरक्षित वाट मिळाली, आणि नियमाला प्रथमच धार आली.

आपल्याशी याचा संबंध

नाशिकच्या द्राक्षांचा उल्लेख मी आरंभी केला. १९९१ मध्ये द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ स्थापन केली आणि निर्यातीचा मार्ग प्रशस्त केला. पुढे १९९७ मध्ये युरोपातील दुकानदारांच्या संघटनेने शेती कशी करावी याचे मानक तयार केले. तेच आज ‘ग्लोबलगॅप’ या नावाने ओळखले जाते. हे मानक कोणत्याही सरकारचा कायदा नाही. तरीही त्या दुकानांत माल जायचा असेल तर दिंडोरी-निफाडच्या बागायतदाराला फवारणीच्या नोंदीपासून गोदामाच्या मांडणीपर्यंत ते पाळावे लागते. त्यातून शेतीला शिस्त लागली हे मान्य केले पाहिजे. पण खरेदीदाराची सत्ता समुद्रापलीकडून बांधापर्यंत कशी पोहोचते, याचेही हे उदाहरण आहे. आणखी एक बारकावा असा की, ब्रिटनची संहिता दुकानाला थेट माल देणाऱ्यालाच संरक्षण देते. आपला निर्यातदार तेथील साखळीशी थेट व्यवहार करीत असेल तर तो निर्णायकाकडे दाद मागू शकतो. आयातदारामार्फत माल गेला तर मागचा बागायतदार त्या कवचाबाहेर राहतो.

आपल्या देशात किराणा व्यापाराचा फार मोठा भाग अद्याप गल्लीतल्या दुकानदाराकडे आहे. तथापि साखळी दुकाने वाढत आहेत. पवईत २००२ मध्ये डी-मार्टचे पहिले दुकान उघडले. २०१२ मध्ये केंद्र शासनाने अनेक-नाममुद्रांच्या किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत विदेशी गुंतवणुकीस राज्यांच्या संमतीने परवानगी दिली. २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्याने शेतकऱ्याला आवाराबाहेर थेट विक्रीची वाट मोकळी झाली. ही संधी आहे आणि तिचा लाभ घेतला पाहिजे. पण वाट मोकळी झाली म्हणजे विकणारा बलवान झाला असे होत नाही.

या बाबतीत आपली परंपराही समृद्ध आहे. कारंज्याला १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडात त्यासाठी कायदा झाला, आणि १९६३ मध्ये महाराष्ट्राचा कृषि उत्पन्न पणन कायदा आला. त्याआधी रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत आणि भाव काय ठरला हे माल ज्याचा त्यालाच कळत नसे. उघड लिलाव, प्रमाणित वजन, लेखी पट्टी आणि त्याच दिवशी पैसे, ही तत्त्वे त्या अनुभवातून आली. आवाराबाहेरच्या नव्या व्यवहारात हीच तत्त्वे सोबत नेणे आपल्या हाती आहे.

त्या दृष्टीने काही गोष्टी सुचवितो. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा महिला बचत गट मोठ्या दुकानाला माल देऊ लागला, तर व्यवहार लेखी असावा. प्रतवारी कोण ठरविणार, परत केलेल्या मालाचा खर्च कोणाचा, पैसे किती दिवसांत, ही तीन कलमे ग्रामसेवकाने किंवा कृषि सहायकाने मोठ्याने वाचून दाखवावीत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यान्वये नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि विलंब झाल्यास व्याजाची तरतूद आहे. पापड-मसाले करणाऱ्या किती गटांनी ही नोंदणी केली आहे, हे प्रत्येक पंचायतीने पाहावे. शक्यतो सर्व माल एकाच घेणाऱ्याच्या भरवशावर टाकू नये. आठवडी बाजार आणि तालुक्याची पेठ हे जुने मार्ग चालू ठेवावेत, कारण उठून जाण्याचे स्वातंत्र्य त्यांच्यामुळेच टिकते.

शिक्षकांना एक विनंती. आठवीच्या मुलांना भेंडीचा शेतातला भाव, पेठेतला भाव आणि दुकानातला भाव यांचा तक्ता महिनाभर मांडायला लावा. मधल्या फरकात वाहतूक किती, नासाडी किती, नफा किती, हे ती मुले घरी विचारू लागतील.

आणि अधिकारी बंधूंना एवढेच सांगणे आहे की, दुबळ्या विक्रेत्याचे गाऱ्हाणे त्याचे नाव न घेता वर पोहोचविण्याची जबाबदारी आपण स्वीकारावी. एका गटाची तक्रार एकाकी असते, दहा गटांची तक्रार हा अहवाल होतो. ब्रिटनमध्ये २००२ चा नियम आणि त्यामागे उभा राहणारा स्वतंत्र अधिकारी यांच्यामध्ये अकरा वर्षे गेली, आणि त्या काळात अनेक लहान उत्पादक गप्प राहून नुकसान सोसत राहिले. आपल्याकडे साखळी दुकाने आता कुठे जिल्ह्याच्या गावी पोहोचत आहेत. अद्याप वेळ आहे. तिचा उपयोग करून घ्यावा, ही आपणां सर्वांना विनंती करून मी आपली रजा घेतो.